खेळण्यांच्या रिकॉलच्या तीन साइट्स : टॉय लायब्ररीत रोज वापरणारीचा अभिप्राय

आमच्या टॉय लायब्ररीतली बहुतेक खेळणी लोकांनी दिलेली असतात. मुलं मोठी झाली, माळा आवरायला काढला, वाढदिवसाला एकच वस्तू दोघांकडून आली, की पिशवी भरून आमच्याकडे येते. त्या पिशवीतली एकही वस्तू तपासल्याशिवाय मी फळीवर ठेवत नाही. या तपासणीतलं मोठं काम म्हणजे ती वस्तू कुठे रिकॉल झाली आहे का ते शोधणं. धोका लक्षात आल्यावर घराघरांत पोचलेला मालसुद्धा कंपनीने परत बोलवायचा, दुरुस्त करून द्यायचा किंवा पैसे परत करायचे, असा हा प्रकार. त्यासाठी माझ्या संगणकावर तीन अधिकृत साइट्स कायम उघड्या असतात : अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनची, म्हणजे सीपीएससीची, युरोपियन युनियनची सेफ्टी गेट, आणि ओईसीडी या अनेक देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेची ग्लोबल रिकॉल्स. तिन्ही फुकट आहेत आणि शोधायला खातं उघडावं लागत नाही. तिन्हींचा स्वभाव मात्र पार वेगळा आहे, आणि एकीवर भागवलं तर काहीतरी हमखास निसटतं.

नोटीस वाचायला सर्वांत चांगली सीपीएससीची. एका वस्तूचं एक पान. वर फोटो, मग वस्तूचं नाव, धोका काय, उपाय काय, किती नग विकले, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत विकले, मॉडेल नंबर वस्तूवर नेमका कुठे छापलाय, आणि किती घटना व किती इजा झाल्या. मी हे पान वरून खाली वाचत नाही. आधी घटना आणि इजांचा रकाना बघते. ‘इजेची नोंद नाही’ असं असेल तर धोका चाचणीत किंवा तक्रारींतून वेळेत पकडला गेला असावा, असं मी धरते. तिथे मृत्यूचा आकडा असला, तर ती वस्तू आमच्या दारातून आत येत नाही, मग उपाय म्हणून नवा भाग मिळत असला तरीही.

मॉडेल नंबर कुठे शोधायचा हे सांगण्याची सीपीएससीची सवय मला फार मोलाची वाटते. जून २०२५ मध्ये अँकर कंपनीच्या ए१२६३ या पॉवर बँकेचं रिकॉल झालं; एकट्या अमेरिकेत साडेअकरा लाखांहून जास्त नग. आतली लिथियम-आयन बॅटरी तापून पेट घेण्याचा धोका. पॉवर बँक ही भेट म्हणून सर्रास दिली जाणारी वस्तू, आणि भेट मिळालेल्या माणसाकडे ना खोका असतो ना पावती. अशा वेळी ‘नंबर तळाशी छापलाय, सीरियल नंबर कंपनीच्या पानावर टाकून बघा’ एवढं एक वाक्य पुरतं. वस्तू उलटी करायची, भिंग धरायचं, नंबर जुळवायचा. इंग्रजी जेमतेम असलेल्या आमच्या एक मदतनीस बाईसुद्धा हे काम न अडखळता करतात. अशी बॅटरी नेहमीच्या कचऱ्यात टाकायची नाही, धोकादायक कचरा घेणाऱ्या ठिकाणीच द्यायची, हेही नोटिशीत सांगितलेलं असतं. अनेक जण नेमकं तेवढंच वाचायचं सोडतात.

आता उपायांबद्दल, कारण इथे माझं सीपीएससीशी पटत नाही. सगळे उपाय सारख्या तोलाचे नसतात, आणि पान तर एकाच साच्यातलं. डिसेंबर २०२४ मध्ये स्टॅनलीच्या दोन प्रकारच्या प्रवासी मगांचं रिकॉल झालं. उष्णता आणि पीळ यांनी झाकणाचे आटे आकसतात, झाकण निसटतं आणि गरम पेय अंगावर सांडतं. अमेरिकेत सुमारे २६ लाख नग. उपाय : नवं झाकण फुकट. हे योग्य आहे, कारण दोष झाकणातच आहे आणि झाकण बदललं की विषय संपतो. याच्या शेजारी आयकिया कंपनीच्या माल्म आणि इतर खणांच्या कपाटांचं जून २०१६ चं रिकॉल ठेवून बघा. अमेरिकेत २ कोटी ९० लाख कपाटं. उघड्या खणांवर पाय देऊन मूल चढलं की अख्खं कपाट त्याच्या अंगावर येतं. उपाय दोन : पैसे परत घ्या, नाहीतर कपाट भिंतीला पक्कं करण्याचा संच घ्या, सांगितलंत तर कंपनीचा माणूस येऊन बसवून देईल. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्या घरात कपाट तसंच उभं राहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये आठव्या मुलाच्या मृत्यूची नोंद झाल्यावर तेच रिकॉल पुन्हा जाहीर करावं लागलं. माझं ठाम मत असं, की जिथे जीव जाऊ शकतो तिथे भिंतीला ठोकण्याचं काम घरच्यांवर सोडून मोकळं होता येत नाही.

याच साइटवर रिकॉलच्या शेजारी ‘वॉर्निंग’ नावाचा वेगळा प्रकार आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय ही साइट पुरती वापरता येत नाही. रिकॉल बहुतेक वेळा कंपनी आणि कमिशन यांनी मिळून जाहीर केलेलं असतं. वस्तूत धोकादायक दोष असल्याचं कळलं की कंपनीने २४ तासांत कमिशनला कळवायचं, असा तिथला कायदा. २० कामाच्या दिवसांत रिकॉल सुरू करायची तयारी दाखवली तर ‘फास्ट ट्रॅक’ मार्ग मिळतो. कंपनीने सहकार्य नाकारलं, तर कमिशन एकट्याने वॉर्निंग काढतं. एप्रिल २०२१ मध्ये पेलोटनच्या ट्रेड प्लस या ट्रेडमिलबद्दल असंच झालं. मुलं पट्ट्याखाली ओढली जात होती, एका मुलाचा जीव गेला होता. कंपनीने आधी विरोध केला आणि मे महिन्यात सुमारे सव्वा लाख ट्रेडमिलचं रिकॉल मान्य केलं. तिथे निदान कंपनी समोर होती. ऑनलाइन बाजारातल्या परदेशी, पत्ता न लागणाऱ्या विक्रेत्यांच्या मालावर हल्ली अशा वॉर्निंग भराभर निघतात, आणि त्यात उपाय म्हणून एकच गोष्ट असते : वापर ताबडतोब थांबवा, वस्तू मोडून फेकून द्या. पैसे कोण देणार, तर कोणीच नाही. तरीही मी या वॉर्निंग आवर्जून वाचते, कारण हाच माल उद्या कोणाच्या तरी पिशवीतून आमच्याकडे येणार असतो.

पण पिशवीतल्या निम्म्या खेळण्यांवर नावच नसतं, त्यांचं काय? खोका गेलेला, लेबल धुऊन निघालेलं, मॉडेल नंबर मुळात नव्हताच. तिथे सीपीएससीच्या शोधचौकटीत लिहिणार तरी काय? अशा खेळण्यांसाठी मला सेफ्टी गेट लागते. हिचं जुनं नाव रॅपेक्स. युरोपातल्या देशांनी पकडलेल्या धोकादायक मालाच्या नोंदी इथे येतात, आणि दर शुक्रवारी आठवड्याचा अहवाल निघतो. इथे ‘ब्रँड : अज्ञात’ अशा नोंदी ढिगाने आहेत, आणि प्रत्येकीला फोटो. मी खेळण्यांचा विभाग निवडते, धोक्याचा प्रकार निवडते आणि फोटो बघत खाली जाते. मऊ बाहुली, पिवळा झगा, प्लॅस्टिकचे चिकटवलेले डोळे : जुळली. नोंदीत कारणही नेमकं असतं. डोळे सहज निघतात, मूल तोंडात घालेल आणि गुदमरेल. खेळणं ईएन ७१-१ या खेळण्यांच्या सुरक्षेच्या युरोपीय मानकात बसत नाही. प्लॅस्टिकच्या बाहुल्यांबाबत बऱ्याचदा डीईएचपी या थॅलेटचं, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या रसायनाचं, प्रमाण दिलेलं असतं. वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त चालत नाही, आणि पकडलेल्या बाहुल्यांत ते कितीतरी पट निघतं. स्लाइमच्या डब्यांत बोरॉन निघतं. चिकट खेळण्यांतून ते किलोमागे ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त बाहेर पडता कामा नये. यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही, वासावरूनही खात्रीने सांगता येत नाही. प्रयोगशाळेने तपासलेलं असं आयतं हातात मिळणं हे सेफ्टी गेटचं सर्वांत मोठं देणं आहे.

नोंदीतल्या कारवाईच्या रकान्याकडे मात्र नीट बघा. ‘बाजारातून मागे घेतलं’ आणि ‘ग्राहकांकडून परत बोलावलं’ या दोन वेगळ्या कारवाया आहेत. पहिलीत दुकानातला माल उचलतात, पण तुमच्या घरातल्या खेळण्याबद्दल तुम्हाला कळवण्याचं बंधन त्यात नसतं. गंभीर धोक्याच्या नोंदीतही कधी नुसतं मागे घेणंच दिसतं आणि जीव तुटतो. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपात नवा नियम लागू झाला आहे, त्यातल्या दोन गोष्टी मला मनापासून पटल्या. रिकॉलच्या सूचनेत ‘स्वेच्छेने’, ‘खबरदारी म्हणून’, ‘क्वचित प्रसंगी’ असे धोका हलका करणारे शब्द आता वापरता येत नाहीत. आणि दुरुस्ती, बदली वस्तू, पैसे परत या तिन्हींपैकी निदान दोन पर्याय ग्राहकापुढे ठेवावे लागतात. ‘खबरदारी म्हणून परत बोलावत आहोत’ हे वाचून किती आईवडिलांनी ‘म्हणजे तसं काही नाही ना’ असं म्हणत ते खेळणं पुन्हा मुलाच्या हातात दिलं असेल!

तिसरी ग्लोबल रिकॉल्स. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेली ही साइट निरनिराळ्या देशांच्या नोंदी एका ठिकाणी आणते. हिची गरज कशी पडते ते २००७ च्या एका खेळण्यावरून सांगते. पाणी मारलं की एकमेकांना चिकटणारे रंगीत मणी होते ते. ऑस्ट्रेलियात नाव बिंडीझ, त्या वर्षीचं सर्वोत्तम खेळणं म्हणून तिथे गौरवलेलं. अमेरिकेत तेच ॲक्वा डॉट्स. मण्यांच्या गोंदात १,५-पेंटेनडायॉल हे रसायन असायला हवं होतं, त्याऐवजी स्वस्तातलं १,४-ब्युटेनडायॉल घातलं गेलं. पोटात गेल्यावर शरीर त्याचं जीएचबी करतं, आणि जीएचबीने माणूस बेशुद्ध पडतो. मणी गिळलेली मुलं कोमात गेली. नोव्हेंबर २००७ मध्ये रिकॉल झालं. अमेरिकेत ४२ लाख नग. आता एखाद्या घरात नातेवाइकांनी परदेशातून आणलेला बिंडीझचा डबा असेल, तर ॲक्वा डॉट्सच्या नावाने निघालेल्या नोटिशीवरून त्यांना काय बोध होणार? खेळणी सामानातून, पार्सलमधून देशोदेशी जातात, नावं बदलत जातात, आणि प्रत्येक देशाची यादी त्याच्या वेशीपाशी थांबते.

तपशिलाला मात्र ही साइट तोकडी आहे. मथळा, देश, तारीख, थोडं वर्णन, आणि पुढचं मूळ देशाच्या साइटवर. म्हणून मी हिचा उपयोग एवढाच करते : खेळण्याचा प्रकार आणि धोका टाकून कोणत्या देशात काही हललंय का ते बघायचं, आणि मग मूळ नोटीस गाठायची.

तिन्ही साइट्सचं एक दुखणं सारखं आहे. त्या माहिती ठेवतात, पण ज्याच्या घरात ती वस्तू आहे त्याच्यापर्यंत माहिती आपण होऊन जात नाही. फिशर-प्राइसचा रॉक अँड प्ले हा तिरका झोपाळा एप्रिल २०१९ मध्ये रिकॉल झाला. सुमारे ४७ लाख नग, ३० हून जास्त बाळांचे मृत्यू. जानेवारी २०२३ मध्ये रिकॉल पुन्हा जाहीर केलं, तेव्हा मृत्यूंचा आकडा सुमारे १०० झाला होता, आणि त्यातले निदान ८ मृत्यू पहिल्या रिकॉलनंतर झालेले होते. ती नोटीस तेव्हा साइटवर होती, कोणालाही वाचता येत होती.

असाच एक तिरका झोपाळा, दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचा, एक आई आमच्याकडे घेऊन आल्या. स्वच्छ धुतलेला, इस्त्री केल्यासारखा.

“ताई, माझी दोन्ही मुलं यातच झोपली. काही झालं नाही. चांगल्या घरी जावा म्हणून आणलाय.”

मी त्यांना शेजारी बसवून नोटीस दाखवली. बाळ तिरकं झोपलं की मान पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. त्यात बाळ कुशीवर किंवा पालथं झालं की नाक मऊ कापडात जातं, आणि परत वळायची ताकद त्याच्यात नसते. म्हणूनच २०२२ मध्ये अमेरिकेत तान्ह्या बाळांना झोपवण्यासाठीच्या, १० अंशांहून जास्त तिरक्या साधनांवर कायद्यानेच बंदी आली.

त्या बराच वेळ वाचत होत्या. मग म्हणाल्या, “मग हा मी परत नेऊ का?”

“नेऊ नका. आणि कोणाला देऊही नका. आपण दोघी मिळून मोडू या.”

आम्ही पट्टे कापले, कापड मधोमध फाडलं, सांगाड्यावर जाड मार्करने ‘रिकॉल’ लिहिलं. हल्लीच्या पुष्कळ नोटिशींत नेमकं हेच करायला सांगतात : कापा, लिहा, फोटो काढून कंपनीला पाठवा आणि पैसे घ्या. पैसे मिळोत न मिळोत, वस्तू मोडलीच पाहिजे. नुसती कचऱ्यापाशी ठेवली तर चांगली दिसते म्हणून कोणीतरी उचलून नेतं. अमेरिकेत रिकॉल झालेली वस्तू विकणं बेकायदा आहे, जुन्या वस्तूंच्या दुकानांनासुद्धा. फुकट दिलेल्या वस्तूवर कोणाचंच लक्ष नसतं, म्हणून आमच्यासारख्या जागा जागरूक असाव्या लागतात.

कोणत्याही यादीत नाव नाही म्हणजे वस्तू निर्धोक, असा अर्थ या साइट्स वापरताना कधीच काढू नका. यादीत नाव यायच्या आधी कुठल्या तरी घरात काहीतरी घडलेलं असतं, किंवा कुठल्या तरी निरीक्षकाने तो नग उचललेला असतो. म्हणून शोध संपल्यावर मी हाताने तपासते. माझ्या टेबलावर एक छोटी नळी असते, सुट्या भागांची चाचणी घेण्याची. व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, त्यामुळे खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. खेळणं किंवा त्याचा निघालेला भाग न दाबता, कुठल्याही बाजूने या नळीत पूर्ण मावला, तर तो तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. आधी डोळे, चाकं, बटणं ओढून आणि पिळून बघते, निघालं ते नळीत टाकते. लाकडी खुळखुळ्याची टोकाची गोळी वरून घट्ट वाटते, आणि जरा पीळ दिला की कितीदा हातात येते!

दिवे लागणारी, गाणी म्हणणारी वस्तू आली की आधी बॅटरीचं झाकण. त्याला स्क्रू हवा, किंवा उघडायला एका वेळी दोन वेगळ्या हालचाली लागल्या पाहिजेत. नखाने उघडलं तर वस्तू बाद. २० मिलिमीटरचा लिथियम बटण सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, की ओलाव्यातून विजेचा प्रवाह सुरू होतो, सेलच्या ऋण बाजूला अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. घड्याळ चालवू न शकणारा ‘संपलेला’ सेलसुद्धा हे करू शकतो. मूल फक्त खोकतं, लाळ गाळतं, जेवायला नको म्हणतं, त्यामुळे सर्दी-घसा समजून वेळ जातो. नुसता संशय असला तरी थेट रुग्णालयात नेऊन एक्स-रे काढायचा. अमेरिकेत २०२२ च्या ‘रीझ लॉ’ने खेळण्यांपलीकडच्या वस्तूंनाही, म्हणजे रिमोट, शोभेच्या मेणबत्त्या, गाणारी भेटकार्डं अशांनाही, या झाकणाचा नियम लावला. भेटवस्तूंबरोबर येणारं गाणारं कार्ड मूल तासभर चघळत बसतं, आणि ते खेळणं आहे हे कोणाच्या मनातही येत नाही.

ताकदवान छोट्या चुंबकांचे गोळे मी घेतच नाही, कुठल्याही वयासाठी. दोन गोळे वेगवेगळ्या वेळी गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटते आणि भोक पडतं. सीपीएससीचा त्यांच्यावरचा नियम न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केला आणि नवा नियम यायला २०२२ उजाडलं. पाण्यात फुगणारे मणीही घेत नाही. पोटात फुगून आतडं अडवतात आणि साध्या एक्स-रेवर दिसत नाहीत.

गुण द्यायचेच तर नोटिशीच्या स्पष्टपणासाठी सीपीएससीला पाचपैकी साडेचार, निनावी खेळण्यांसाठी सेफ्टी गेटला चार, ग्लोबल रिकॉल्सला तीन. घरात एकच उघडायची असेल आणि तुमच्या वस्तूंवर कंपनीचं नाव असेल, तर सीपीएससी. ऑनलाइन बाजारातली, नाव नसलेली स्वस्त खेळणी जास्त असतील, तर सेफ्टी गेट, आणि तीही फोटो बघत. सीपीएससीच्या रिकॉलची ईमेल नोंदणी फुकट आहे, ती आजच करा. बाळांच्या आणि मुलांच्या वस्तूंचं सदर वेगळं निवडता येतं.

आणि बाळाच्या पाळण्याबरोबर, गाडीबरोबर ते जे नोंदणीचं कार्ड येतं, ते खोक्याबरोबर फेकू नका. १९९३ मध्ये रिकॉल झालेल्या एका घडीच्या पाळण्यात १९९८ मध्ये, पाळणाघरात, एका बाळाचा गळा आवळला गेला. पाळणा रिकॉल झालाय हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या आईवडिलांनी लावून धरल्यावर २००८ च्या अमेरिकी कायद्याने असं कार्ड देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, आणि त्यावरचा पत्ता जाहिरातीसाठी वापरायला मनाई केली. वस्तू दुसऱ्याला देताना कार्डावरचा मॉडेल नंबर आणि उत्पादनाची तारीख एका चिठ्ठीवर लिहून तळाला चिकटवा. आमच्याकडे अशी चिठ्ठी लावून आलेली वस्तू दोन मिनिटांत तपासून होते.